पंगत उठायची कधी

आमच्या घरी जेवायला बसणं सोपं, उठणं अवघड. त्यात आई भारतातून आलेली असली की विचारूच नका. तिचा नियम असा की पंगतीतल्या शेवटच्या माणसाचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. हात धुवायला नाही, फोन घ्यायला तर नाहीच नाही. मग टेबलाभोवती आम्ही चौघंच का असेना, आणि दारात माझी विद्यार्थिनी पावसात भिजत बेल वाजवत का असेना.

हा नियम काढणाऱ्या बाईला नात मात्र अशी मिळाली की जगात तिच्याइतकं सावकाश जेवणारं माणूस नसेल. आठ वर्षांची आहे. भाताच्या प्रत्येक शिताची आधी ओळख करून घेते, मग खाते. मध्येच तिला शाळेतलं काहीतरी आठवतं, मग खिडकीतून बंदरात शिरणारं जहाज दिसतं, मग एखादा प्रश्न पडतो. तोवर आमची आमटी हाताला वाळून खडखडीत झालेली असते. बायको नजरेनं मला सांगते, बोल की तुझ्या आईला. मी नजरेनं सांगतो, तू बोल. बोलत कुणीच नाही.

आई कोल्हापूरची. गल्लीत लग्न असो, बारसं असो, गणपतीचा महाप्रसाद असो, पंगतीवर नजर हिची. वाढपी तिला टरकून असायचे. पानांच्या रांगेतून फिरत ती प्रत्येकाला म्हणायची, 'सावकाश होऊ द्या.' आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नसायचं. मी एकदा जिलेबी संपवून सगळ्यांच्या आधी उठलो, तर मागून कॉलर धरून तिनं मला परत खाली बसवलं. 'शेजारचं म्हातारं जेवतंय अजून. तू उठलास की त्येला वाटंल, आपल्यापायी खोळंबा झाला. मग घास उतरंल का त्येच्या घशाखाली?' त्या म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते. मी बसलो. आजही आठवलं की माझ्या पायाला मुंग्या येतात.

आम्ही राहतो कॉर्क या आयरिश शहराच्या बंदराकाठी, चढावरच्या एका गावात. बायको रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. व्हिसा तिचा, मी तिच्या मागून आलेला नवरा. कोल्हापुरात कॉलेजात गणित शिकवायचो. इथं शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेतो. शिकवणीला इथं ग्राइंड्स म्हणतात. त्या शब्दाचा खरा अर्थ मी आईला हौसेनं सांगितला आणि पस्तावलो. तिनं साऱ्या गल्लीला फोनवर कळवलं, 'पोरगं तिकडं दळण दळतंय.'

यंदा उन्हाळ्यात ती आली तेव्हा धक्क्यापासून घरापर्यंत चालताना प्रत्येक फाटकापाशी थांबायला लागली. थांबायची आणि लोकांची फुलं बघायची. मी म्हटलं, वा, म्हातारपणी बागेची आवड लागली वाटतं. बायको म्हणाली, 'अरे वेड्या, धाप लागतेय त्यांना.'

मग गावातला डॉक्टर झाला, त्यानं पाठवलेला हृदयाचा मोठा डॉक्टर झाला. हा मोठा डॉक्टर उंच, मऊ आवाजाचा. त्यानं कागदावर हृदयाचं चित्र काढलं आणि म्हणाला, इथली ही झडप आखडलीय, गंजलेल्या दारासारखी किलकिलीच उघडते. छाती उघडायची गरज नाही, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवता येईल. घरी परत जाताय तर तिकडे करून घ्या, पण टाळू नका. टाळलं तर काय होईल ते त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, आणि आईला मराठीत सांगताना मी त्यातलं अर्धं गिळून टाकलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि त्या डॉक्टरला म्हणाली, 'आय अ‍ॅम ग्रँड.'

ग्रँड म्हणजे इथं 'बरं आहे, ठीक आहे'; हा शब्द तिला शेजारणीनं शिकवलेला. इंग्रजीचं तिचं सगळं भांडवल तेवढंच, पण इथं तेवढ्यावर माणसाचं अख्खं आयुष्य निघू शकतं. डॉक्टर हसला. मला काही हसू आलं नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, 'तर मग पुण्याच्या हॉस्पिटलात तारीख घेतो.'

'नगं,' आई म्हणाली.

'नको म्हणजे?'

'माझं जेवून झालं, लेका. पोटभर जेवलो. वाढणारानं कधी हात आखडला न्हाई. आता ढेकर द्यायचा आन्‌ उठायचं. मागं माणसं उभी हायत.'

(कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. माझ्या मुलीला ते भारी आवडतं.)

'कोण उभंय मागं?' मी ओरडलो.

'पुढची पंगत.'

माझा हात रागानं हॉर्नवर पडला. पुढच्या गाडीतल्या माणसाला वाटलं मी ओळखीचा आहे. त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचलून मला नमस्कार केला. या देशात धड भांडतासुद्धा येत नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलानं तारीख राखून ठेवली, पण म्हणाले, पेशंट स्वतः हो म्हणू दे, नाहीतर आम्ही हात लावणार नाही. आईचं परतीचं विमान ऑगस्टच्या शेवटी होतं, मी सोबत जाणार होतो. तोपर्यंत तिच्या तोंडून एक 'हो' काढायचा, एवढंच माझं काम. इंटिग्रेशन न येणाऱ्या पोरांना इंटिग्रेशन शिकवणारा मी. म्हटलं, आईला हो म्हणायला लावणं काय कठीण? पण ती कुठली हलतेय!

आमची शेजारीण आईच्याच वयाची विधवा बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण कुंपणापाशी उभ्या राहून तासन्‌तास बोलतात. इथल्या गावरेडिओवर रोज सकाळी कोण कोण वारलं ते वाचून दाखवतात. नाव, गाव, दर्शनाला कुठे ठेवलंय, सगळं. शेजारीण चहा घेत घेत ते ऐकते, आणि आईही तिच्या स्वयंपाकघरात जाऊन ऐकायला लागली. 'आपल्याकडं बाजारभाव सांगायचे तसं सांगत्यात,' ती मला म्हणाली. एखाद्या दिवशी यादी लवकर संपली तर घरी येऊन सांगायची, 'आज आवक कमी हाय.'

एक दिवस त्या यादीत शेजारणीचा भाऊच निघाला. वरच्या रस्त्यावर राहायचा, म्हातारा होता. आई म्हणाली, 'जायाच पायजे.' तिला दुपारी त्या घरी सोडलं आणि संध्याकाळी मी मुलीला पोहण्याच्या क्लासवरून आणायला गेलो.

परत येऊन बघतो तर काय! पुढच्या खोलीत उघड्या पेटीत तो म्हातारा सूट घालून निजलेला. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, त्यात त्याचे घरचे. येणारी माणसं रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवत पुढे सरकतायत. आणि रांगेच्या बरोबर मध्यभागी, शेजारीण आणि तिची भाची यांच्या मधे, पांढऱ्या सुती साडीत आमच्या मातोश्री. एका हातात चहाचा कप, मांडीवर सँडविचची बशी. येणारा प्रत्येक जण तिचाही हात हातात घेऊन म्हणतोय, 'सॉरी फॉर युवर ट्रबल.' आणि आई मान हलवून प्रत्येकाला म्हणतेय, 'ग्रँड, ग्रँड.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तेही खरा मेलेला समोर असताना.

मी वाकून तिच्या कानात म्हटलं, 'आई, ऊठ. ही घरच्या लोकांची जागा आहे.'

'उठू कसा? लोकं जेवत्यात की.'

खरंच जेवत होती. एकाची बशी रिकामी झाली की दुसरा भरलेली बशी घेऊन टेकत होता, त्याचं होतंय तोवर तिसरा. शेवटचं माणूस काही येईना, म्हणून आई दुपारपासून तिथंच बसून होती. नियम म्हणजे नियम! मी शेजारणीची माफी मागायला गेलो तर ती म्हणाली, बसू दे रे तिला, माझ्या भावाचं सगळ्यात जवळचं माणूस तीच दिसतेय. आणि पेटीकडे मान वळवून म्हणाली, 'युवर मॅन वुड हॅव लव्ह्ड इट.' म्हणजे, आमच्या या गड्याला हे फार आवडलं असतं. त्या बाईचे डोळे रडून लाल झाले होते आणि ती हसत होती. शेवटी तिनंच आईचा हात धरून तिला उठवलं.

घरी आल्यावर आईची आंघोळ झाली आणि आम्ही जेवायला बसलो. मुलगी नेहमीसारखी चपातीच्या तुकड्याशी खेळत बसली. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर देते कॉर्कच्या इंग्रजीत, वाक्याच्या शेपटीला 'लाइक' लावून. इथं मी तिचं बोलणं मराठीतच सांगतो.

'बाबा,' ती म्हणाली, 'समज, लोक येतच राहिले असते, कधीच थांबले नसते, तर आजी कधी उठली असती?'

गणिताच्या मास्तराला आणि काय हवं? मी वाळका हात वर केला आणि सुरू झालो. म्हटलं, अशी एक पंगत धर की जिला शेवटच नाही. पहिलं पान आहे, दुसरं आहे, तिसरं आहे, पण शेवटचं पान असं नाहीच. सगळी पानं भरलेली. आणि आता एक पाहुणा उशिरा आला. त्याला कुठे बसवणार?

'माघारी पाठवायचा,' बायको म्हणाली. ती दमून आली होती.

'नाही! प्रत्येकानं एकेक पान पुढे सरकायचं. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. पहिलं पान मोकळं झालं. शेवट नाही ना, त्यामुळे बाहेर कुणी पडतच नाही.'

मुलगी खूश झाली. आई नाही. तिनं आयुष्यभर पंगती उठवलेल्या, तिला यात भलतेच घोळ दिसायला लागले. 'आन्‌ वाढपी? भात वाढत गेला तो परत कवा येणार?'

'येणारच नाही,' मला कबूल करावं लागलं.

'म्हंजे पैल्या पानावरचा नुसत्या भाताकडं बघत बसणार. आमटी न्हाई, ताक न्हाई. कसली रे तुझी पंगत? आमच्या गल्लीत असली पंगत झाली असती तर तोंड दाखवायला जागा न्हवती.'

'पण आजी,' मुलगी म्हणाली, 'शेवटचा माणूस जेवल्याशिवाय उठायचं नाही ना? इथे शेवटचा माणूसच नाही. मग कुणीच उठू शकणार नाही. कधीच.'

आई म्हणाली, 'आन्‌ मागं उभारलेल्यांनी काय हवा खायाची?'

'सगळ्यांनी एकेक पान सरकायचं,' मुलगी म्हणाली. 'बाबांनी आत्ताच सांगितलं की.'

'जिलेबी पुरायची न्हाई,' आई म्हणाली आणि तो विषय तिनं तिथंच बंद केला.

पण मला आता चेव चढला. दुसऱ्या दिवशी मी गणितानंच आईला गाठायचं ठरवलं. ती सारखी म्हणायची, पुढच्या वर्षी माझं सहस्रचंद्रदर्शन, हजार पुनवा बघून झाल्या की बास. मी म्हटलं, 'आई, हजार हा आकडा तो केवढा? अनंताच्या पुढे हजार काय आणि एक काय, दोघंही सारखेच लांब. तू आणि तुझी नात, दोघी अनंतापासून एकाच अंतरावर बसलाय.'

आई भेंडी चिरत होती. म्हणाली, 'असं व्हय?'

'असंच!'

'मग मी हजारावर थांबलो काय आन्‌ बाराशेवर थांबलो काय, फरक कुठं पडतोय?'

सुरी खाली ठेवून तिनं भेंड्या कढईत टाकल्या. बायको पाठ करून प्रेसमधून ताटं काढत होती, तिचे खांदे हसून हलत होते. इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो.

मुलीनं मात्र या आकड्यांची पाठ सोडली नाही. मोठे होत होत आकडे संपत नाहीत हे तिला पटलं. आता तिला विचारायचं होतं, लहान होत होत तरी संपतात का? मी तिच्या ताटातली भाकरी घेऊन दाखवली. अर्धी मोडली, म्हटलं ही खा. उरली त्याच्यातली अर्धी मोड, ती खा. परत उरली त्यातली अर्धी. प्रत्येक वेळी खातेस, पण प्रत्येक वेळी थोडी उरतेच. संपेल कधी?

'कधीच नाही,' मुलगी हळूच म्हणाली.

'शाब्बास!'

'शाब्बास कसली?' आई फिस्कारली. 'पोरगी आधीच तासभर जेवती, आन्‌ बाप शिकवतोय भाकरी न संपवायला. असली अक्कल कॉलेजात वाटत होतास व्हय?'

विमानाचा दिवस जवळ आला. पुण्याहून फोन आला, निघण्याआधी नक्की काय ते सांगा, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. त्या दिवशी माझा तोल सुटला. आई बॅगेत नातेवाइकांसाठी चॉकलेटं भरत होती. मी म्हटलं, 'आई, आता शेवटचं विचारतो.'

'शेवटचंच इचार.'

'तुला मरायची एवढी घाई झालीय का?'

'घाई न्हाई. पण येळ झाली की उठावं माणसानं. चिकटून बसलेलं बरं दिसत न्हाई.'

'बरं दिसत नाही?' मी असा ओरडलो की शेजारणीचं कुत्रं भुंकायला लागलं. 'खड्ड्यात गेली तुझी पंगत! मागं उभ्या असलेल्यांची काळजी आहे, आणि शेजारी बसलेल्यांची नाही? मला आई पाहिजे. कळतंय का? मी एवढा घोडा झालोय आणि मला माझी आई पाहिजे!'

आईनं चॉकलेटाचा पुडा बॅगेच्या कोपऱ्यात बसवला, काढला, परत बसवला. 'ओरडू नगंस,' म्हणाली. 'पोरगी हाय घरात.'

पोरगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. गुडघ्यांवर हनुवटी. सगळं ऐकलं होतं आणि सगळं समजलं होतं. बायकोनं तिला उचलून खोलीत नेलं आणि जाता जाता मला म्हणाली, 'तू आणि तुझी आई म्हणजे एका माळेचे मणी.'

निघायच्या आदल्या दिवशी आईनं भाकरी आणि पिठलं केलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, बाहेर लख्ख ऊन. बॅगा दाराशी बांधून ठेवलेल्या. माझं झालं, बायकोचं झालं, आईचंही झालं. मुलीच्या ताटात भाकरीचा एक तुकडा उरला होता. आम्ही हात वाळवत बसलो.

तिनं तो तुकडा मोडला, अर्धा खाल्ला. उरलेला मोडला, त्यातला अर्धा खाल्ला. परत मोडला. मला कळेना हिचं काय चाललंय. 'आटप गं बाई,' मी म्हटलं, 'अजून तुझी आंघोळ व्हायचीय.' बायकोनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. तिला माझ्याआधी कळलं होतं.

तुकडा आता नखाएवढा झाला. मुलीनं तो ताटाच्या कडेवर ठेवला, अंगठ्याच्या नखानं मधोमध तोडला आणि अर्धा खाल्ला.

'काय करती ही?' आई मला विचारायला लागली.

'मी जेवतेय,' मुलीनं परस्पर सांगितलं.

'एवढुसा तुकडा. टाक की तोंडात, सोड आमाला.'

'तो संपत नाही. बाबांनी सांगितलंय, कधीच संपत नाही.'

'मग मी बसू कुठवर?'

'माझं होईपर्यंत,' मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, नाक वाहायला लागलं, पण मान वर केली नाही. नखानं परत तोडला. 'तूच सांगितलंयस. मी जेवत असताना तू उठलीस तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. अलाउडच नाही, आजी. तुझाच रूल आहे.'

ही गोष्ट तिला कुणी सांगितली होती, त्या बिनदाताच्या म्हाताऱ्याची? आईनंच सांगितली असणार, आणि एकदा नाही, दहादा. मी आईकडे बघितलं. तिचा पिठलं वाळलेला हात टेबलावर पालथा पडला होता. ती त्या कणाकडे बघत होती. आयुष्यभर तिनं शेकड्यांनी माणसं खाली बसवली होती. तिला खाली बसवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

'मुंगीचा घास झाला की गं त्येचा,' ती म्हणाली.

मुलीनं मान हलवली आणि तो मुंगीचा घासही तोडायला बघायला लागली. तो तुटेना. नख घसरलं, कण ताटात कुठेतरी उडाला, आणि मग मात्र तिला हुंदका फुटला. आई चटकन पुढे वाकली. चष्मा वर केला, ताटभर शोधून करंगळीच्या टोकानं तो कण टिपला आणि नातीच्या समोर परत ठेवला.

'हितं हाय. हितं हाय बघ. रडू नगंस.'

मग ती माझ्याकडे वळली. आवाज नेहमीचा नव्हता. 'मला भ्या वाटतंय रे,' म्हणाली. 'ती नळी, ती अनोळखी माणसं. ढेकर बिकर काय न्हाई, भ्या वाटतंय.'

'मी आहे ना,' मी म्हटलं.

'तू हाईस म्हणूनच भ्या वाटतंय,' ती म्हणाली, आणि रडत रडतच आम्ही सगळे हसलो. मग तिनं नाक ओढलं. 'सांग त्या पुण्याच्या डॉक्टरला. म्हणावं, कर काय करायचं ते. हिचं जेवण होईस्तोवर बसतो मी.'

आता प्रश्न उरला उठायचा. मुलगी तो कण खायला तयार नाही, आणि नियम तर आईसाठी नुकताच पक्का झालेला. पाय अवघडले, हात वाळून कडक झाले, चौघंही एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी पंगतीची कुलमुखत्यार म्हणून आईनंच निवाडा दिला: अर्ध्या जेवणातून अगदीच उठायची वेळ आली तर ताट झाकून ठेवायचं, मग ते उठणं धरत नाहीत. बायकोनं एक वाटी आणली, मुलीनं तो कण चिमटीत धरून तिच्यात ठेवला, वर झाकण घातलं आणि वाटी प्रेसमधे ठेवून दिली. आम्ही हात धुतले.

पुण्यात झडप बसली. मी बाहेरच्या बाकावर बसून नखं कुरतडली आणि आतून बाहेर आल्यावर आईनं नर्सला काय सांगितलं असेल? 'ग्रँड.' नर्सला वाटलं, भुलीचा परिणाम.

आता ती कोल्हापुरात असते, गल्लीचा चढ न थांबता चढते आणि लोकांच्या पंगतीत उभी राहून वाढप्यांना दमात घेते. बायकोनं मधे एकदा प्रेस साफ करताना ती वाटी घासायला काढली, तर मुलीनं असा आरडाओरडा केला की शेजारीण कुंपणावरून डोकावली. वाटी परत जागेवर गेली. आत काही आहे की नाही हे मी उघडून बघितलेलं नाही, बघणारही नाही.

दर रविवारी आईचा व्हिडिओ कॉल येतो. आपल्याकडची माणसं दुसरं विचारणार काय?

'जेवलीस का गं?'

मुलगी मागं वळून प्रेसकडे बघते. 'नॉट येट, आजी.'

'असू दे,' आई म्हणते. 'सावकाश होऊ दे.'